रिती डबी

आमच्या घरात कुठलंही भांडं पूर्ण रितं करत नाहीत. ढोलीतून धान काढताना तळाशी ओंजळभर राहू द्यायचं, तेलाच्या बरणीत बोटभर तेल, मिठाच्या डब्यात चिमूटभर मीठ. दुकानातून आणलेली साखर जुन्या साखरेवरच ओतायची. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट नव्या सुनेला कोणी सांगत नाही, ती चुकली की मग सांगतात. मी आल्या आल्या तांदळाचा डबा रिकामा केला, घासला, पुसला आणि अंगणात उन्हात पालथा घातला. सासूबाई शेतातून आल्या, डबा पाहिला आणि तिथेच पायरीवर बसल्या.

"घरातलं कोणी गेलं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, डबा धुतला.

"मंग पालथा काहून घातला?"

रितं भांडं पालथं दिसणं म्हणजे त्या घरात आता खाणारं कोणी उरलं नाही, असा त्याचा अर्थ. सासूबाईंनी डबा उचलला, सुलटा केला, आत मूठभर तांदूळ टाकले आणि त्यानंतरच पाणी प्यायल्या. मला वाटलं, चला, एक नियम कळला. तो नियम कुठवर लागू आहे हे मात्र कळायला मला पुढे नागपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जावं लागलं.

आमचं गाव कोंढ्यापासून जवळ आहे. तळ्याखालची धानाची शेती. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले, तेव्हापासून शेती सासूबाईच पाहतात, आणि ती नीट पाहतात. नवरा भंडाऱ्याला एका कचेरीत नोकरीला आहे, तो सकाळी जातो आणि दिवे लागल्यावर येतो. मी पवनीकडच्या एका शाळेत गणित शिकवते. स्कूटीने जाते.

आता डोळ्यांचं सांगते. माझ्या दोन्ही डोळ्यांची बुबुळं पातळ होऊन पुढे आली आहेत. कॉलेजात असताना फळ्यावरची एक ओळ मला तीन-चार ओळींसारखी दिसायला लागली, तेव्हा हे कळलं. यात चष्म्याचा उपयोग होत नाही. डावा डोळा तर इतका पुढे गेला आहे की त्यावर लेन्सही बसत नाही. त्या डोळ्याला माणूस आला एवढं कळतं, कोण आला ते कळत नाही. उजव्या डोळ्यात मात्र एक कडक लेन्स घातली की शेवटच्या बाकावरचा मुलगा बाकाखाली काय करतो आहे तेही दिसतं. म्हणजे माझी शाळा, माझी स्कूटी आणि माझा ताठा, हे सगळं नखापेक्षा लहान अशा एका काचेसारख्या तुकड्यावर चालतं.

लग्न ठरताना आम्ही हे लपवलं नाही. माझ्या वडिलांनी सगळं समजावून सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच शंका विचारली.

"सैपाक करताना ते वरणात पडणार नाही ना?"

वडील म्हणाले, नाही. मग लग्न ठरलं.

पहिले काही दिवस शेजारच्या बाया सकाळी पाहायला यायच्या. मी मोरीपाशी साबणाने हात धुवायचे, स्वच्छ कापडाला पुसायचे, लेन्स बोटाच्या टोकावर घ्यायचे आणि डोळ्यात ठेवायचे. बाया शांतपणे पाहायच्या, नाटक पाहावं तशा. एक बाई तर माहेरपणाला आलेल्या आपल्या बहिणीलाही घेऊन आली. बहिणीने पाहिलं आणि म्हणाली, "बस, एवढंच?" त्यानंतर गर्दी कमी झाली.

नागपूरला लेन्स बसवून देणाऱ्या मॅडम कडक होत्या. त्यांच्याकडे नुसती लेन्स मिळत नसे, आधी ती सांभाळायची परीक्षा द्यावी लागे. त्यांचं मुख्य म्हणणं असं होतं की लेन्सला पाण्याचा थेंबही लागता कामा नये. नळाचं नाही, विहिरीचं नाही, उकळून गार केलेलं नाही. लेन्स धुवायची ती बाटलीतल्या औषधानेच, आणि रात्री डबीत बुडवून ठेवायची तीही औषधातच. सकाळी लेन्स घातली की डबीतलं औषध फेकायचं, पूर्ण फेकायचं, डबी ताज्या औषधाने खळबळून पालथी घालायची आणि वाळू द्यायची. संध्याकाळी पुन्हा नवं औषध. डबीसुद्धा काही महिन्यांनी बदलायची. आणि डोळा लाल झाला की लेन्स काढून थेट दवाखाना गाठायचा. "जुन्यात नवं टाकायचं नाही," असं त्या मला दारापर्यंत सोडायला येऊन पुन्हा म्हणाल्या. मला तेव्हा त्यांचा थोडा कंटाळा आला होता.

सासूबाईंचा पहिला आक्षेप पाण्यावर होता. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याचे मोठे जार येतात, थंड. सासूबाईंचा त्या जारवर भारी विश्वास.

"जारच्या पाण्यानं धुवून घे ना," त्या म्हणाल्या. "पाव्हण्याले देतो तेच पाणी आहे."

मी म्हटलं, पाहुण्याला चालतं, डोळ्याला चालत नाही. यावर त्यांचं समाधान झालं नाही. पाहुण्यापेक्षा डोळा मोठा कसा, हे त्यांना पटेना.

दुसरा आक्षेप फेकण्यावर होता. मी रोज सकाळी डबीतलं औषध मोरीत ओतते हे पाहून त्यांचा जीव तुटायचा. "चांगलं औषध फेकून राहिली," असं त्या मला न म्हणता मोरीला म्हणायच्या. आणि तिसरी गोष्ट, म्हणजे फळीवर दिवसभर पालथी पडलेली ती डबी. तिच्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. मी आपली समजत होते की ती फार लहान आहे म्हणून चालत असेल.

मग शाळा सकाळची झाली. मला पहाटे उठून, डबे भरून, उजाडायच्या आत निघावं लागे. एक दिवस सासूबाई आपणहून म्हणाल्या, "तुह्या त्या डबीचं मी पाहीन. तू जात जा."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. आधी हात धुवायचे, औषध फेकायचं, डबी बाटलीतल्या औषधानेच धुवायची, पालथी घालायची. संध्याकाळी मी भरीन. त्यांनी "हाव" म्हटलं. संध्याकाळी आले तर डबी सुलटी आणि भरलेली.

"ताजं भरलं," त्या म्हणाल्या. "तू थकून येतेस."

मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. सासू सुनेसाठी काहीतरी भरून ठेवते, असं शाळेतल्या बायांना सांगितलं तर त्या माझ्याकडे जरा संशयाने पाहू लागल्या. डबीला दोन खण असतात, एक उजव्या डोळ्याचा आणि एक डाव्याचा. माझी लेन्स एकच, म्हणून डावा खण मी कधी भरत नसे. सासूबाई तोही भरायच्या. मी विचारलं, हा कशाला भरला?

"एक भरलेला अन् एक रिता," त्या म्हणाल्या, "बरं दिसत नाही."

मी हसले आणि डाव्यातलं औषध ओतून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भरलेला. मग मी नाद सोडला. नवऱ्याने मात्र एक निरीक्षण नोंदवलं, की आजकाल बाटली पुष्कळ दिवस जाते. तो खूश होता. हिशोबी माणूस आहे.

आणि एका दुपारी वर्गात माझ्या उजव्या डोळ्यात कचकच सुरू झाली. मला वाटलं धूळ असेल. घरी येईपर्यंत डोळा लाल झाला होता आणि खिडकीतला उजेड सहन होत नव्हता. लेन्स काढली तरी दुखणं थांबेना. सकाळी उठले तर पापणी सुजलेली, पाणी वाहतंय, आणि समोरचं सगळं दुधात कालवल्यासारखं. मी घाबरले. डाव्या डोळ्याने मला माझं स्वतःचं तोंडसुद्धा आरशात ओळखू येत नाही.

डोळा आला म्हटलं की गावात उपायांना तोटा नसतो. कोणी गुलाबजल सांगितलं, कोणी मध, कोणी धणे भिजवलेलं पाणी. एक शेजारीण आपल्या बाळंतीण लेकीला घेऊन आली, कारण अंगावरच्या दुधाचा थेंब डोळ्याला फार चांगला. मी नको म्हटलं. लेकीलाही बरंच वाटलं असावं. सासूबाई मधाच्या बाजूने होत्या. मी ओरडून म्हटलं की माझ्या डोळ्यात कोणीही काहीही घालणार नाही, आत्ताच्या आत्ता नागपूरला चला. या घरात मी पहिल्यांदाच ओरडले होते. नवऱ्याने बुटाच्या नाड्या न बांधताच गाडी काढली.

सासूबाईही आल्या. मॅडमनी सांगितलं होतं की कधी काही झालंच तर लेन्स, डबी, बाटली, सगळं सोबत आणायचं, म्हणून ते सगळं एका फडक्यात बांधून त्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गाडी खड्ड्यात आदळली की त्या गाठोडं वर उचलायच्या, मला नाही.

डॉक्टर कमी बोलणारे होते. त्यांनी डोळा तपासला, बुबुळावरून जरासं खरवडून तपासणीला पाठवलं, आणि मग ते गाठोडं सोडायला लावलं. डबी उघडून त्यांनी दिव्याखाली धरली. आतल्या औषधाला एक पांढुरकी झाक आली होती, तळाला बुळबुळीत काहीतरी होतं.

"ही डबी कोण भरतं?" त्यांनी विचारलं.

"मी भरतो," सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडच्या बाया अशाच बोलतात. त्यांचा आवाज अगदी ताठ होता. त्यांना वाटलं, कामाची विचारपूस चालली आहे.

"कशी भरता?"

"थोडं ठेवतो, थोडं टाकतो."

"म्हणजे जुनं पूर्ण फेकत नाही?"

सासूबाईंनी डॉक्टरकडे जरा दयेने पाहिलं. "रितं नाही करत साहेब आमच्याकडं," त्या म्हणाल्या. "लक्ष्मी जाते. थोडं राहू देतो अन् त्याच्यावर नवं टाकतो. अन् मंधी एखाद्या वेळी जारच्या पाण्यानं धुवून घेतो. पाव्हण्याले देतो ते पाणी आहे."

डॉक्टरांनी डबी मिटून खाली ठेवली. मग त्यांनी सावकाश सांगितलं. बाटलीतल्या औषधात जंतू मारायची ताकद असते, पण ती एका रात्रीपुरती. शिळं झालं की ती उरत नाही. त्या शिळ्यावर ताजं ओतलं की ताजंही पातळ पडतं, आणि जंतूंना आयतं घर मिळतं. पाणी लागलं की आणखीच. तेच जंतू लेन्सला चिकटून डोळ्यात गेले, आणि बुबुळावर जखम झाली आहे. जखम मध्यावर सरकली तर डोळ्यात फूल पडेल. फूल पडलं तर या डोळ्याने दिसणार नाही.

"अन् दुसऱ्या डोळ्यानं?" सासूबाईंनी विचारलं.

"दुसऱ्या डोळ्याने त्यांना दिसत नाहीच," डॉक्टर म्हणाले.

हे सासूबाईंना लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. पण ते त्यांना खऱ्या अर्थाने कळलं ते त्या खुर्चीवर, असं मला वाटतं. त्यांनी फडकं घडी घातलं, उलगडलं आणि पुन्हा घडी घातलं. 

मला दवाखान्यात ठेवून घेतलं. थेंब सतत घालायचे होते, दिवसाही आणि रात्रीही, आणि नवऱ्याला रजा नव्हती. सासूबाई थांबल्या. गाईगुरं शेजाऱ्यांवर सोडून त्या इतके दिवस घराबाहेर कधी राहिल्या नव्हत्या. नर्सने त्यांना हात धुवायला शिकवलं. त्या कोपरापर्यंत धुवायच्या, नखं घासायच्या, मग दोन्ही हात वर धरून माझ्याकडे यायच्या, पूजेला निघाल्यासारख्या. बाटलीचं टोक पापणीला न टेकवता थेंब आत पाडायच्या. एकदाही चुकल्या नाहीत.

मला त्यांचा राग आला होता. खूप आला होता. आणि तो दाखवायची सोय नव्हती, कारण थेंब त्यांच्याच हातून घ्यायचे होते. मी वाट पाहत होते की त्या एकदा तरी म्हणतील, माझं चुकलं. त्या म्हणाल्या नाहीत. "डोळा उघड," एवढंच म्हणायच्या.

घरी आल्यावरही थेंब चालूच होते. रोज सकाळी सासूबाई माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "कोण आहे?"

मी म्हणायचे, "आई."

"दिसते," असं म्हणून त्या खूश होऊन जायच्या. मी आवाजावरून ओळखते आहे हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं, आणि मी सांगत नव्हते. मग एक दिवस ते त्यांच्या ध्यानात आलं असणार. त्या दिवशी दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं आणि काहीच बोललं नाही. मला हिरवट काहीतरी दिसत होतं, माणसाएवढं. मी बराच वेळ पाहिलं. शेवटी शेजारच्या काकू असतील असं वाटून म्हटलं, "काकू, या ना, बसा."

ते हिरवट काहीतरी दारातून गेलं. थोड्या वेळाने चुलीपाशी भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. त्या दिवशी जेवताना सासूबाई माझ्या शेजारी बसल्या आणि माझ्या भाजीतली मिरची काढून बाजूला ठेवत राहिल्या. मीही काढू दिली.

डोळा हळूहळू निवळला. मला आधी दारात त्यांच्या पातळाचा काठ दिसायला लागला, मग हातातल्या बांगड्या, आणि मग एका सकाळी त्या न बोलता उभ्या असताना मी म्हटलं, "आई, तुमचं कुंकू वाकडं लागलंय." सासरे गेल्यावर त्या बारीक टिकली लावत, कुंकू नाही. पण त्यांनी हात कपाळाला नेला, टिकली चाचपून पाहिली, आणि म्हणाल्या, "हाव, वाकडी आहे." मग त्या दाराला धरून जरा वेळ तशाच राहिल्या.

बुबुळावर एक लहान डाग राहिला, पण कडेला. डॉक्टर म्हणाले, नशीब. आणखी काही आठवडे गेल्यावर ते म्हणाले, आता नवी लेन्स घ्या, नवी डबी घ्या, आणि हे सगळं स्वतः करा.

घरी मात्र सासूबाई म्हणाल्या, "नको लावू आता ते."

"लेन्सशिवाय मला दिसत नाही, आई."

"मी आहे ना. हात धरून नेईन."

"वर्गात कोण नेईल?"

"शाळा सोड. आपल्याले काय कमी आहे?"

तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, माझा डोळा तुमच्या एका ओंजळभर लक्ष्मीसाठी जात होता, आता शाळाही त्याच पायी घालवू का? बोलल्यावर मला वाईट वाटलं, पण बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.  सासूबाई उठल्या आणि गाईला पाणी पाजायला गेल्या. गाईला पाणी आधीच पाजलेलं होतं.

शाळा उघडली तेव्हा मी नवी लेन्स घालून गेले. नवी डबी मी स्वतः रिती करायचे आणि फळीवर स्वच्छ कागदावर पालथी घालायचे. सासूबाईंनी डबीला हात लावणं सोडलं. त्या फळीजवळून जायची वेळ आली तर तिकडे पाठ करून जायच्या. घरात दिवसभर एक पालथं रितं भांडं आहे, हे त्यांनी सहन केलं. पण पाहिलं नाही.

मग रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली. आमच्याकडे रोवणीच्या शेवटच्या दिवशी बोजारा असतो. पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, शेवटची जुडी बांधीतल्या चिखलात लागली की रोवणीच्या बाया हातात चिखल घेतात आणि शेताच्या मालकाला माखतात, पायापासून तोंडापर्यंत. मालकाने मग त्यांना जेवण द्यायचं, मटणाचं. चिखल लागल्याशिवाय जेवण नाही आणि जेवणाशिवाय सुटका नाही. इतकी वर्षं चिखल सासूबाईंनाच लागायचा, आणि त्या दरवर्षी रागावल्यासारखं करून माखून घ्यायच्या.

तो दिवस रविवार होता. मी बायांसाठी चहाची किटली घेऊन स्कूटीने शेतावर गेले. स्कूटी चालवायची म्हणजे लेन्स होतीच. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, किटली ठेवून कप मांडत होते तेवढ्यात शेवटची जुडी लागली, आणि बायांची जी पुढारीण होती, सासूबाईंच्या वयाची, ती म्हणाली, "औंदा बुढीले नको. औंदा सूनबाईले लावू."

सगळ्या हसल्या आणि चिखलाच्या ओंजळी घेऊन धुऱ्यावर चढायला लागल्या. मी म्हटलं, नको, मला नको. त्या आणखी हसल्या. नाही म्हणणं हा बोजाऱ्याचा रिवाजच आहे, मालक नाही म्हणतोच. मी म्हटलं, खरंच नको, डोळ्यात लेन्स आहे. त्यांना ते रिवाजाचंच वाटलं असावं, जरा नव्या तऱ्हेचं. माझ्या मागे पाण्याने भरलेली बांधी, पुढे त्या. मी उजवा डोळा तळहाताने झाकला. उजवा झाकला की मला काही दिसत नाही. डाव्या डोळ्याला फक्त काळसर काहीतरी जवळ येताना दिसत होतं, आणि तेवढ्यात आणखी काहीतरी मध्ये आलं.

"तिले नाही," सासूबाईंचा आवाज आला. "मले लावा."

"तुमाले दरसाली लावतो," पुढारीण म्हणाली. "औंदा सूनच पायजे."

"तिच्या डोळ्यात काच आहे. त्याले चिखलाचा थेंब चालत नाही, पाण्याचाबी चालत नाही."

"काहीतरीच सांगून राहिल्या तुमी."

मग सासूबाई जे म्हणाल्या ते त्या हळू म्हणाल्या, पण धुऱ्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. "तिचा एक डोळा आहे. तो माह्या हातानं जातच होता. माहं चुकलं. आता तुमच्या हातानं नाही जाऊ देत."

 मी हात काढला आणि पाहिलं. सासूबाई वाकल्या, बांधीतला चिखल दोन्ही हातांनी उचलला आणि स्वतःच्या तोंडाला फासला. कपाळ, गाल, डोळे, सगळं. फासताना त्यांनी डोळे मिटलेसुद्धा नाहीत, म्हणजे घाईत मिटायचे राहिले.

"घ्या," त्या चिखलातून म्हणाल्या. "झाला बोजारा. मटण शिजून राहिलं घरी, चाला."

पुढारीण आधी हसली, मग बाकीच्या. उरलेला चिखल त्यांनी सासूबाईंच्या पाठीला लावून घेतला, वाया कशाला घालवायचा. मी धुऱ्यावर किटली धरून रडत होते. त्या बायांनी तेही पाहिलं.

घरी आल्यावर सासूबाईंचा डावा डोळा लालभडक झाला होता, आत माती होती. मी त्यांना पाटावर बसवलं आणि डोळा धुवायला तांब्या घेतला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"हात धुतले का?"

मी गेले, साबणाने हात धुतले, पुसले, आले. मग त्यांनी डोळा उघडला. मी उकळून गार केलेल्या पाण्याची धार धरली, माती निघेपर्यंत. त्या हलल्या नाहीत.

"कोण आहे?" मी विचारलं.

"गप बस," त्या म्हणाल्या.

अंगणात बाया जेवून गेल्या. सासूबाईंनी मटणाच्या गंजात तळाला रस्सा राहू दिला, भाताच्या गंजात मूठभर भात, आणि ढोलीपाशी जाऊन एकदा हात घालून पाहून आल्या. दिवे लागले होते. माझी लेन्स काढायची वेळ झाली होती. मी मोरीपाशी हात धुवत होते तेव्हा त्या माझ्या मागून आल्या, त्यांनीही हात धुतले, कोपरापर्यंत, पुसले, आणि मग फळीकडे गेल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी ती डबी उचलली. सुलटी केली. दोन्ही झाकणं बाजूला धरली आणि एक लाल डोळा बारीक करून दिव्यासमोर तिच्या आत पाहिलं. मग डबी माझ्यापुढे धरली.

"रिती आहे," त्या म्हणाल्या. "दोन्हीकून रिती आहे. तूबी पाहून घे, मंग काढ."

लेन्स काढल्यावर मला ते दिसलं नसतं. मी लेन्स काढायच्या आधी वाकून पाहिलं. डावा खण कोरडा होता, उजवा खण कोरडा होता.

"रिती आहे, आई," मी म्हटलं.